रुखवताची कॅसेट

“ए पोरी, आवाज गळ्यातनं काढ. वहीतनं नको.”

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी भिंतीकडे बघत होते, कारण तो भिंतीतूनच आला. भिंतीवर पत्र्याची एक डबी ठोकलेली होती, तिला जाळी होती, आणि त्या जाळीतून काचेपलीकडची माणसं आमच्याशी बोलायची. आवाज बाईचा होता. काकवीसारखा दाट, सावकाश ओघळणारा, तळाशी किंचित करपलेला. त्या आवाजानं मला शिवी दिली असती तरी मी ‘पुन्हा एकदा म्हणा’ म्हटलं असतं. दिवसभर त्यानं जवळजवळ तेच केलं.

आता मी कार्टूनमधल्या खारीपासून मालिकेतल्या सासूपर्यंत कुणाचाही आवाज काढते. मुलाखतीत विचारतात, सुरुवात कुठं झाली? मी म्हणते, गुळाच्या वखारीवर. ऐकणारे हसतात, मीही हसते आणि चहा मागवते. पुढचं कधी सांगितलं नाही.

वखार खरीच होती, कोल्हापुरात, शाहूपुरीत. खाली गुळाच्या ढेपा आणि वरच्या माडीवर ‘मधुबोल कॅसेट्स’. तो कॅसेटचा काळ होता. एसटी स्टँडवर, रसाच्या गुऱ्हाळावर, पिठाच्या गिरणीत, जिथं तिथं टेपरेकॉर्डर लागलेला असायचा आणि त्यात सासू-सून नाहीतर जावई-सासरा भांडत असायचे. ती भांडणं इथं तयार व्हायची. भिंतींना गाद्या टांगलेल्या, छताला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आणि सगळ्यावर गुळाचा गोड, आंबूस वास. त्या वासाला गांधीलमाश्या यायच्या. रेकॉर्डिंगच्या आधी कुणीतरी टॉवेल घेऊन त्यांना हाकलायचं. एखादी माइकपाशी गुणगुणली की सगळा टेप वाया.

मी तिथं एका दिवसासाठी आले होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघताना उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, “एक दिवस. त्यांनी घेतलं तर घेतलं. न्हाई घेतलं तर ह्या घरात पुन्हा नाटकाचं नाव काढायचं न्हाई, आणि जयसिंगपूरच्या पाहुण्यास्नी मी होकार कळवणार.” जयसिंगपूरचा मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं मला बघायला आल्यावर एकच प्रश्न विचारला होता, “जास्त बोलत न्हाई न्हवं?” आणि आमच्या घरच्यांनी एका सुरात “अजिबात न्हाई” म्हटलं होतं.

राखणीला आत्ती होती, दादांची थोरली बहीण, बायाक्का. आमच्या भागात लग्न असलं की आधी भटजी ठरायचे आणि मग बायाक्का. कारण रुखवत. मुलीकडच्यांनी लाडू-करंज्यांच्या पराती मांडल्या की दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून चिडवतात, आणि सगळ्यात जास्त चिडवायचं ते नवऱ्या मुलाच्या आईला. आमची आत्ती मुलीकडची असली की वरमाया आधीच पाणी पिऊन घ्यायच्या. पण आज तिला काचेपलीकडे एका स्टुलावर बसवलं होतं आणि खोकायचं नाही अशी ताकीद दिली होती. ती तोंडावर पदर धरून, डोळे वटारून बसली होती.

मला मात्र वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसं होती. तोच घोटाळा होता.

माझी ओळ एकच. ‘वरमाय रुसली’ नावाच्या विनोदी नाटकात मुलीकडची एक बाई म्हणते, “अहो विहीणबाई, उभ्या का? बसा ना, पाट मांडलाय!” मी ती म्हटली. छाती काढून, प्रत्येक शब्द सुटा करून, शेवटी हात सुद्धा वर केला.

काचेचं दार उघडून ती काकवी आत आली. मला वाटलं होतं या आवाजाला साजेशी धिप्पाड बाई असेल. माझ्या खांद्याला लागेल एवढी होती. पोपटी लुगडं, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा, तोंडात लवंग. अनुसयाबाई वाईकर. तमाशाचा फड सोडून त्या कॅसेटमध्ये आल्या होत्या आणि आता ‘मधुबोल’च्या कॅसेटवर त्यांचा फोटो नसला तर दुकानदार माल परत पाठवायचे. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

“विहिणीला बसवतीस का पंधरा ऑगस्टला झेंडा चढवतीस?” बाईंनी विचारलं.

कंपनीच्या नेहमीच्या दोन बायका होत्या, गर्दीतल्या कुजबुजीचं आणि हशाचं काम करणाऱ्या. त्यांनी लगेच आपलं काम केलं.

“नाव काय?”

“कुमारी शालन यशवंत पोवार.”

“कुमारी!” बाईंनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “रावसाहेब, हिला रेडिओवर बाजारभाव वाचायला बसवा. गूळ पडला तरी लोक टाळ्या वाजवतील.”

रावसाहेब इंगवले म्हणजे लेखक, दिग्दर्शक आणि मालक. कानाला पेन्सिल, अंगात सफारी. ते म्हणाले, “बाई, वेळ आहे थोडा. होईल तयार.” पण पेन्सिल कानावरून काढून त्यांनी परत लावली, आणि मला ते बरं दिसलं नाही.

“होईल की,” बाई एकदम गोड झाल्या. “शालन, असं कर. खाली वखारीत जा आणि म्हणावं, बाईंनी आवाजाची चाळणी मागितलीय. बारीक छिद्राची. मोठ्या छिद्राची देतील, ती घेऊ नको.”

मी गेले. आजही मला नवल वाटतं, पण मी गेले. माइक, टेप, काच, लाल दिवा, इतक्या न पाहिलेल्या वस्तूंत आवाजाची एक चाळणी असायला काय हरकत होती? वखारीतल्या शेठजींनी चेहरा अगदी गंभीर ठेवून सांगितलं की बारीक छिद्राची समोरच्या भांडीवाल्याकडे दिलीय कल्हईला. भांडीवाल्यानं मला वजनकाट्यावर पाठवलं. वजनकाट्यावरचा हमाल म्हणाला, “बाई अजून तशीच हाय व्हय? परवा एकाला माइकची किल्ली आणायला पाठवलीती.” आणि त्यानं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, “जावा ताई. हे खावा. रडू नका.”

रडू तोवर आलं नव्हतं, तेवढ्यानं आलं.

वर येईपर्यंत सगळी माडी माझी वाट बघत होती. “मिळाली?” बाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यावर त्या, “बघ, आता चाळणीशिवायच बोलावं लागणार. खडे येणार आवाजात,” असं म्हणून शांतपणे पानं चाळायला लागल्या. त्या दोन बायका इतक्या हसल्या की टेपचं काम बघणारे मेहबूबभाई काचेपलीकडून म्हणाले, “हा हशा राखून ठेवा, दुपारी लागणाराय.”

जेवायच्या सुट्टीत आत्तीनं मला जिन्यात गाठलं.

“तू पलटून का बोलली न्हाईस?”

“त्या मोठ्या आहेत आत्ती.”

“मोठी असंल तिच्या घरात. आपल्या घरात मुकं कोण जन्मलं न्हाई आजवर.” मग ती उठली आणि थेट बाईंसमोर जाऊन उभी राहिली. “बाई, पोर माझी हाय. तिला हमालांत पाठवायला ती काय तुमची मोलकरीण हाय?”

बाईंनी वर पाहिलं. “बसा की. पोरीला तोंड हाय का नुसता शाळेचा दाखला?”

“तोंड हाय. उघडलं की कळंल.”

“मग तेवढं आजच्या आज उघडा. उद्या मला सुट्टी हाय.” असं म्हणत बाईंनी सरळ आमच्या फडक्यातली भाकरी मोडली आणि ठेच्याला लावली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास त्यांनी आणखी मोठा घेतला.

“ठेचा कुणी केला?”

“मी,” मी म्हणाले.

“मग हा आवाजात का न्हाई गं?”

आत्ती हसली. मला तिचा इतका राग आला की मी जेवलेच नाही. बाईंनी माझाही वाटा संपवला.

दुपारी रेकॉर्डिंग लागलं. कॅसेटची एक बाजू एका दमात व्हायची, हा मधुबोलचा शिरस्ता. टेप कापून जोडणं इंगवल्यांना मानवायचं नाही. कुणी शिंकलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सगळ्यांच्या बांगड्या, पैंजण, घड्याळं एका पिशवीत घालून खिळ्याला अडकवली. पंखा बंद. नाटकाची पानं सुटी, एकेक वाचून झालं की पायाखालच्या गादीवर अलगद सोडायचं, पिसासारखं. फरशीवर खडूच्या खुणा होत्या. बाईंची खूण माइकसमोर, माझी पार भिंतीशी. “तू लांबची हाईस, लांबच राहा,” बाईंनी बजावलं. माइकवर त्यांचा रुमाल ताणून बांधलेला, ‘प’ आणि ‘फ’चा फुसकारा अडवायला.

इंगवले घाईनं आत आले आणि त्यांनी बाईंच्या हातात एक नवीन पान ठेवलं. “जेवताना सुचलं. रुसव्याच्या आधी वरमायचं एक भावनेचं वाक्य पाहिजे. वाचून ठेवा.”

“तुमचं अक्षर वाचण्यापेक्षा तुम्हीच रुसा,” बाई म्हणाल्या आणि पान गठ्ठ्यात खाली सरकवलं.

लाल दिवा लागला. गणपतीच्या आराशीतला बल्ब होता तो, पण त्याच्याकडे बघत मी माझी ओळ मनात आणखी दोनदा म्हटली.

मेहबूबभाई टेप सुरू करून आत यायचे, पितळी ताटावर बोटांनी ताशा वाजवायचे आणि डोळे मिटले तर खरा मांडव दिसायचा. मांडव भरला, भटजी खोकले, नवऱ्याचा मामा हरवला, सापडला. माझी ओळ आली.

“अहो. विहीणबाई. उभ्या का? बसा ना. पाट मांडलाय.”

सकाळपेक्षा वाईट. झेंडासुद्धा चढला नाही. काचेपलीकडे इंगवल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. काचेतून आवाज येणं शक्य नव्हतं, पण मला तो ऐकू आला. संपलं. जयसिंगपूर. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आता मला एवढंच करायचं होतं की रडण्याचा आवाज टेपवर जाऊ द्यायचा नाही.

बाई पुढं चालल्या होत्या. काय चालल्या होत्या! पाट वाकडा आहे, पाणी कोमट आहे, मुलीचा बाप आडवा बोलतो. एकेक तक्रार त्या लाडवासारखी वळून ठेवत होत्या. एक पान गादीवर गेलं. दुसरं गेलं. मग ते नवीन पान वर आलं.

“आज माझ्या लेकाच्या…” बाई म्हणाल्या.

आणि थांबल्या.

आधी वाटलं, रंगवतायत. मग मेहबूबभाईंचा हात ताटावर वरच्या वर राहिला. टेप फिरत होता. रेकॉर्डिंगमध्ये शांतता ही शांतता नसते, ते भोक असतं, आणि ते मोठं होत जातं. इंगवले काचेला नाक लावून उभे. बाई पानाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली, मांडवभर फिरवली, म्हणजे त्या चार गाद्यांवरून फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

“आणि ही कोण गं मघाची? ‘बसा ना’ म्हणणारी?”

हे पानावर नव्हतं. त्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“मुलीकडं बोलणारी एवढी एकच गावली का? ती पण उसनी आणलेली? हिच्यापरास पाट तरी बोलंल.” आणि मग बाईंनी चालच धरली, ताटाची वाट न बघता,

“मुलीकडच्या बायकांचा
थाट भारी मोठा,
पोळीमधी पुरण न्हाई,
पिठाचाच गोटा!”

त्या दोघी खऱ्या हसल्या.

आता मला काय झालं ते नीट सांगते, कारण लोकांना ते धाडस वाटतं. धाडस-बिडस काही नव्हतं. मी विसरले. लाल दिवा विसरले, टेप विसरले, इंगवल्यांची आडवी रेघ विसरले. रुखवत मांडलंय, मुलाच्या आईनं आपल्या पोळीला नावं ठेवलीत, आणि आपल्याकडून कुणी बोलत नाही. आमच्या भागात अशानं मुलगी जन्मभर मान खाली घालून नांदते. काचेपलीकडे आत्ती स्टुलावरून उठली होती. तिच्या तोंडावरचा पदर गळून पडला होता.

मी खडूची खूण ओलांडली. सरळ माइकपाशी गेले, बाईंना जवळजवळ कोपरानं सरकवलं.

“पुरण शोधत बसल्या विहीण,
पोळ्या संपल्या आठ,
धरून उठवा कोणीतरी,
सरळ होईना पाठ!”

मेहबूबभाईंचा हात ताटावर पडला. बाईंच्या भुवया वर गेल्या. माझा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तो जरा फाटका होता, नाकात जाणारा, आत्तीच्याच वळणाचा, आणि त्याला तिखट लागलेलं होतं.

बाई एक पाऊल पुढं आल्या. त्यांनी हातातली सगळी पानं गादीवर सोडली.

“आमचा नवरा गोरापान,
जशी दुधाची साय,
तुमची नवरी शेजारी गं
दिसते तरी काय?”

“दुधाची ती साय म्हणे
बशीत ठेवा झाकून,
आमच्या नवरीची मांजर बाई
बसलीया टपून!”

“अगं ए मांजरीच्या!” बाई साध्या बोलण्यात ओरडल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. पण त्या हटल्या नाहीत. आमच्या मांडवाला भोक, आमच्या भटाला पडसं, आमच्या मुलीच्या मामाचं धोतर भाड्याचं. मी त्यांच्या वऱ्हाडाची बैलगाडी काढली, नवरदेवाचा मुंडावळीतला तिरळा डोळा काढला, आणि शेवटी,

“आल्या आल्या विहीणबाई
पदर सावरीत,
डोळा त्यांचा अडकला गं
लाडवांच्या परातीत!”

आत्ती काचेवर थाप मारत होती. आवाज येत नव्हता, नुसता तिचा हात दिसत होता. नाटकाचा लेखक दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा होता.

मेहबूबभाईंनी हवेत बोट गरागरा फिरवलं. टेप संपत आला. पण रुखवत चिडवून सोडायचं नसतं. ज्याला चिडवलं त्याच्या ओटीत शेवटी मुलगी घालायची असते. आत्ती ती शेवटची ओवी म्हणायची तेव्हा तिचाही आवाज खाली यायचा आणि भांडायला उभ्या बायका नाक ओढायला लागायच्या. माझा आवाज आपसूक खाली आला.

“शिव्या दिल्या, ओव्या दिल्या,
आता देतो लेक,
विहीणबाई, सांभाळा गं,
लाखामधी एक.”

आता बाईंनी उत्तर द्यायचं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. गळ्यातला चष्मा त्यांनी मुठीत धरला होता. पुन्हा तेच भोक, टेप फिरतोय, गूळ दरवळतोय.

“दे गं बाई,” त्या म्हणाल्या. अगदी हळू, माइकला जेमतेम ऐकू जाईल इतकं. “दे.”

काचेपलीकडे टेपचं टोक सुटलं आणि चाकावर आपटायला लागलं.

मग मला सगळं एकदम आठवलं. इंगवले दार ढकलून आत आले. “माझी पानं! अख्खी दुसरी निम्मी गेली! पोलिसपाटलाचा प्रवेश गेला! बाई, हे काय? आणि तू, तुला कुणी सांगितलं पुढं यायला?”

माझी वाचा परत शाळेत गेली. “मला… क्षमा असावी…”

“क्षमा कसली, रावसाहेब,” मेहबूबभाई म्हणाले, “आधी ऐका तर.”

टेप मागे फिरवून लावला. इंगवले पेन्सिल घेऊन बसले, चुका मांडायला. पुरणाच्या पोळीपर्यंत त्यांनी ओठ आवळून धरले. मांजरीला पेन्सिल खाली पडली. परातीपाशी ते सफारीच्या बाहीनं डोळे पुसत होते. खालून गुळाचे शेठजी वर आले, कुणाचं लग्न आहे विचारायला.

“बाई,” इंगवले शेवटी म्हणाले, “मी तुम्हाला ओळखत नव्हतो. मुद्दाम केलंत. पोर बुजलीय हे बघून पान सोडून दिलंत, तिला डिवचून बोलतं केलंत. काय हा मोठेपणा! ती मघाची शांतता, अहो, काय जागा घेतलीत!”

सगळे बाईंकडे वळले. बाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला, नवीन लवंग तोंडात टाकली.

“मग?” त्या म्हणाल्या. “नवी माणसं अशीच तयार करायची असत्यात. सकाळपासनं मी काय खेळ करत होते व्हय?”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्तीनंसुद्धा हात जोडले, आणि आत्तीचे हात सहजासहजी जुळत नसत. इंगवल्यांनी ती आडवी रेघ खोडरबरानं पुसली आणि मला पुढच्या कॅसेटला यायला सांगितलं. नुसतं यायला नाही, सुनेचं काम. दादांना ते स्वतः येऊन भेटणार होते.

संध्याकाळी बाई आम्हाला रिक्षानं स्टँडवर सोडायला आल्या. वाटेत त्यांनी माझी वेणी ओढली, आत्तीला मांजरीची ओवी पुन्हा म्हणायला लावली आणि रिक्षावाल्याला सांगितलं की ही पोरगी माझ्याशी भांडून आलीय, जपून चालव. स्टँडवर आमची गाडी लागलेली होती. आत्ती खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायला धावली. आम्ही दोघी फलाटावर उभ्या राहिलो.

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. वक्तृत्वातलं एकही वाक्य आठवलं नाही.

“बाई, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम थांबलात. मी जन्मात…”

“मुद्दाम-बिद्दाम काय न्हाई.”

“असं कसं? इंगवले म्हणाले…”

“इंगवल्याला सगळ्यात नाटक दिसतं.” बाई गाडीच्या चाकाकडे बघत होत्या. त्यांच्या आवाजातला काकवीचा गोडवा कुठं गेला होता कळेना. खाली राहिलेलं करपलेलं तेवढं वर आलं होतं. “पान वाचून ठेवलं न्हवतं मी. वाचलं असतं तर फाडून टाकलं असतं. लिहिलंतं, आज माझ्या लेकाच्या लग्नात मी मिरवणार. तिथंच घसा धरला. तू समोर दिसलीस, आली अंगावर तुझ्या. दुसरं काय करणार? टेप फिरतोय.”

“शाले! ये की गं!” आत्ती खिडकीतून हाका मारत होती. कंडक्टरनं घंटी दिली.

मी हलले नाही. “तुम्हाला मुलगा आहे?”

“हाय. कराडला असतो, सरकारी नोकरी. फड फिरायचा, तवा भावाकडं ठेवलावता. गेल्या वैशाखात लगीन झालं त्याचं. मला बोलावणं न्हवतं. मांडवात आई म्हणून वहिनी बसली.” बाईंनी मला पाठीत हात घालून गाडीच्या पायरीवर ढकललं. मी दांडा धरला. गाडी हलली तशा त्या पायरीबरोबर चार पावलं चालत आल्या, पदर खोचून, मांडवात भांडायला निघाल्यासारख्या. “आज तू किती बोललीस मला. पाठ काढलीस, परात काढलीस. त्या खऱ्या विहिणीनं अजून एक शिवीसुदीक दिलेली न्हाई गं मला.”